लोकवर्गणीतून सुरक्षित बाळंतपण : पैसे कधी, कुठे आणि कसे पोचायला हवेत

निधिपाल (धागाकर्ता)

गरजू मातांच्या बाळंतपणासाठी लोकवर्गणी करणाऱ्या गटांची रीत साधारण एकच दिसते. बाई अडते, दवाखाना अनामत मागतो, कुणीतरी फोटो काढतं, आवाहन फिरतं, पैसे जमतात. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला ही रीत चालून जाते, कारण तिथे हाताशी काही आठवडे असतात. बाळंतपणाला ती चालत नाही. या धाग्यात त्यावरच बोलायचं आहे.

उपचार मिळालेच नाहीत तर त्रास सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी किती वेळ जातो, याचे अंदाज माता-आरोग्याच्या कामात वर्षानुवर्षं वापरले जातात. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव: २ तास. प्रसूतीआधीचा रक्तस्राव: १२ तास. गर्भपिशवी फाटणं: १ दिवस. रक्तदाब वाढून येणारे झटके: २ दिवस. अडलेली प्रसूती: ३ दिवस. जंतुसंसर्ग: ६ दिवस. आता यांच्या शेजारी वर्गणीचं वेळापत्रक ठेवून बघा. आवाहन लिहून कागद तपासण्यात एक दिवस, जमलेली रक्कम संकेतस्थळाकडून बँकेत यायला आणखी काही दिवस. जी गोष्ट सगळ्यात लवकर जीव घेते तिच्यापर्यंत हा पैसा पोचूच शकत नाही. पोचतो तो मागे राहिलेलं बिल फेडायला.

म्हणून दोन अटी. निधी आधीच जमलेला हवा, आणि तो एका बाईच्या नावावर न ठेवता गटातल्या सगळ्या गरोदर बायकांसाठी एकत्र हवा. 'जोखमीच्या' बायका निवडून फक्त त्यांच्यासाठी पैसे ठेवणारे गट इथेच चुकतात, कारण अतिरक्तस्राव होणाऱ्या पुष्कळ जणींमध्ये आधी कोणतीही जोखीम दिसलेली नसते.

निधी किती हवा? नियोजनासाठी १०० गरोदर बायकांमागे १५ जणींना तातडीच्या उपचारांची गरज पडेल असं धरण्याचा जुना प्रघात आहे. पण सरासरीवर निधी बांधू नका. गट २० जणींचा असेल तर सरासरी ३ येतात, तरी ६ किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण पंधरात एक आहे. १०० जणींच्या गटात १५ ऐवजी २२ ची, ५०० जणींच्या गटात ७५ ऐवजी ९१ ची तयारी ठेवावी लागते. म्हणजे लहान गटाला सरासरीच्या दुप्पट रक्कम लागते, मध्यम गटाला दीडपट, मोठ्या गटाला जेमतेम सव्वापट. तीन-चार लहान गटांनी राखीव रक्कम एकत्र केली तर तेवढ्याच पैशात जास्त जणींना आधार मिळतो, तो या गणितामुळे.

आणि निधीचे कप्पे पाडा. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली: दवाखान्यात जायचा निर्णय घेण्यातला विलंब, तिथे पोचण्यातला विलंब, पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला विलंब. वर्गणीचा बहुतेक पैसा तिसऱ्याच्याही नंतर, बिल भरताना खर्च होतो. पहिल्या दोनांना काहीच मिळत नाही. खर्चाची भीती हे तर निर्णय लांबण्याचं एक मोठं कारण. 'पैसे भरलेले आहेत' हे सातव्या महिन्यात कळलं तर घरातली चर्चा तिथेच संपते.

औषधं, रक्त, हिशेब, बाळाची तयारी यातलं ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी लिहावं, ही विनंती.

---

प्रसविका

पूर्ण अनुमोदन. सुरुवात किटपासून करते, कारण नवा गट बहुधा पहिली वर्गणी 'सुरक्षित बाळंतपण किट'साठी काढतो. फोटो छान येतो आणि वाटप सोपं असतं.

किटमध्ये एवढंच हवं: साबण, निर्जंतुक हातमोज्यांच्या दोन जोड्या, अंथरायला साधारण १ मीटर लांब-रुंद प्लास्टिक, बंद वेष्टनातलं निर्जंतुक पातं, नाळ बांधायला तीन बंध, गॉज, आणि दोन कोरडी स्वच्छ फडकी. दोन फडकी अशासाठी की एकाने बाळ पुसायचं, ते ओलं फडकं काढून टाकायचं आणि दुसऱ्यात गुंडाळायचं. एकच दिलं तर बाळ ओल्या फडक्यात राहून गार पडतं. तिसरा बंध जादाचा, एक हातातून पडतोच. पातं सुटं घेऊन पाकिटात भरणं हा नेहमीचा दोष, ते कारखान्यातूनच बंद वेष्टनात आलेलं हवं.

मात्र किट जंतुसंसर्ग कमी करतं, रक्तस्राव थांबवत नाही, झटके थांबवत नाही, अडलेलं बाळ सोडवत नाही. निधीतला मोठा वाटा किटवर गेला तर सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्या गोष्टींकडे दुर्लक्ष झालं असं समजा. जिथे बाई दवाखान्यात पोचू शकते तिथे तेच पैसे वाहनावर घाला.

वर्गणीतून घ्यायच्या वस्तूंमध्ये मला सगळ्यात वर ठेवावीशी वाटते ती खुणा असलेली रक्तमापक पिशवी. बाईच्या कमरेखाली अंथरायची, खाली निमुळती होत जाणारी, पारदर्शक, बाहेरून मिलिलिटरच्या रेषा. डोळ्यांनी केलेला रक्ताचा अंदाज बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघतो, कारण रक्त कापडात मुरतं, पाण्यात मिसळतं, खाटेखाली जातं. अतिरक्तस्राव ओळखलाच गेला नाही तर महागडं औषध कपाटात पडून राहतं.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत 'ई-मोटिव्ह' अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पिशवी वापरून रक्त मोजायचं, आणि रेषा ओलांडली की गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आकसवणारं औषध), ट्रानेक्झॅमिक आम्ल (रक्ताची गुठळी टिकवून रक्त थांबवणारं औषध), सलाईन आणि तपासणी हे सगळं एकापाठोपाठ एक वाट न बघता एकदम सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणाऱ्या शस्त्रक्रिया व मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या साधारण निम्म्याच घटना ओळखल्या जात होत्या, पिशवीमुळे ९३ टक्के ओळखल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शनात तर ५०० मिलिलिटरची वाट न बघता, ३०० मिलिलिटर रक्त गेलं असेल आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर लगेच उपचार सुरू करायला सांगितलं आहे.

नुसत्या पिशव्या वाटू नका. सोबत एका बंद डब्यात पहिल्या उपचाराची औषधं, सुया, सलाईनचा संच असं सगळं प्रसूतिकक्षातच ठेवायचं. औषध कुलपात, किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे, ही अडचण पैशाने सुटत नाही. डब्याला कुलूप नको, मोडता येणारं सील हवं, आणि वापरल्यावर त्याच पाळीत डबा पुन्हा भरून सही.

---

कस्तुरी

पिशवी एकदाच वापरायची का? धुऊन वापरली तर खर्च वाचेल.

---

प्रसविका

बहुतेक पिशव्या एका वापरापुरत्या असतात, त्या धुऊन परत वापरू नयेत. रक्तातून संसर्ग पसरायचा धोका आहे, आणि रेषाही पुसट होतात. योनीमार्गे होणाऱ्या प्रत्येक प्रसूतीमागे एक, असंच धरा. 'कुणाला रक्तस्राव होईल तिच्याखाली घालू' म्हणाल तर पिशवीचा उपयोगच संपतो.

---

औषध_भांडार

खरेदीबद्दल. १०० प्रसूतींचा हिशेब देतो. मात्रा ठरवणं तिथल्या डॉक्टरांचं आणि प्रसविकांचं काम आहे, हे आकडे वर्गणीचं अंदाजपत्रक करण्यापुरते.

ऑक्सिटोसिन: बाळ बाहेर आल्यावर प्रत्येक बाईला १० युनिट, म्हणजे १०० मात्रा. उपचाराला साधारण १० युनिट लगेच आणि २० युनिट पुढच्या सलाईनमधून, म्हणजे प्रत्येकी ३०. दहा जणींची तयारी ठेवली तर आणखी ३०. एकूण १० युनिटच्या १३० कुप्या, वर फुटतूट. पण बाजारात ५ युनिटच्याही कुप्या मिळतात. 'ऑक्सिटोसिन १३० नग' एवढंच लिहून मागणी गेली आणि ५ युनिटचा माल आला तर निम्मंच औषध हातात पडतं. मागणीपत्रावर युनिट लिहा.

ट्रानेक्झॅमिक आम्ल: शिरेतून १ ग्रॅम, १० मिनिटांत. अर्ध्या तासानंतरही रक्त थांबलं नाही किंवा २४ तासांत पुन्हा सुरू झालं तर आणखी १ ग्रॅम. दहा जणींची तयारी म्हणजे २० ग्रॅम, ५०० मिलिग्रॅमच्या ४० कुप्या. हे औषध प्रसूतीपासून ३ तासांच्या आत द्यायचं असतं, आणि दर १५ मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण १० टक्क्यांनी घटतो. दूरच्या भांडारात ठेवून उपयोग नाही. साध्या तापमानाला टिकतं, त्यामुळे कक्षात ठेवायला काहीच अडचण नाही.

मॅग्नेशियम सल्फेट: झटके आलेल्या किंवा यायच्या बेतात असलेल्या बाईला. स्नायूतून द्यायच्या पद्धतीत सुरुवातीला १४ ग्रॅम (४ शिरेतून, ५-५ दोन्ही कुल्ल्यांत), मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम, २४ तास. एका बाईला ४४ ग्रॅमपर्यंत लागतं. १ ग्रॅमच्या कुप्या असतील तर ४४ कुप्या. दहा-बारा कुप्या ठेवून 'झटक्यांचं औषध आहे' असं समजणाऱ्या ठिकाणांचा साठा पहिल्या मात्रेलाच संपतो. तीव्रता ५० टक्के आहे की २५, हेही मागणीपत्रावर स्पष्ट हवं, नाहीतर पाणी मिसळताना घोळ होतो. सोबत कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिलिलिटर: मॅग्नेशियमने श्वास मंदावला तर उतारा तोच आहे, तो नसेल तर कर्मचारी मॅग्नेशियम द्यायला घाबरतात. हातोडी आणि लघवी मोजायची पिशवीही याच डब्यात, कारण पुढची मात्रा देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वास (मिनिटाला किमान १६) आणि लघवी (तासाला किमान ३० मिलिलिटर) बघावी लागते.

आता शीतसाखळी. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं. उन्हात राहिलेलं औषध दिसायला तसंच पारदर्शक असतं, रंग बदलत नाही, वास येत नाही. परिणाम मात्र कमी होतो, आणि मग दोष बाईच्या 'न आकसणाऱ्या गर्भपिशवी'ला दिला जातो. दात्याने कुप्या विकत घेऊन स्वतःच्या गाडीतून नेऊन देणं म्हणूनच टाळा. लसींची शीतपेटी जिथे जाते तिथे जागा मागा, किंवा पुरवठादाराने तापमान-नोंदीसह पोच द्यावी अशी अट घाला.

फ्रीज खात्रीचा नसेल तर उष्णतेला टिकणारं कार्बेटोसिन, १०० मायक्रोग्रॅमची एक मात्रा. ते ३० अंशांना ३ वर्षं टिकतं. दहा देशांतल्या जवळपास ३० हजार बायकांवरचा २०१८ चा अभ्यास सांगतो की रक्तस्राव टाळण्यात ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं आहे. ते प्रतिबंधासाठी आहे. प्रतिबंधाला कार्बेटोसिन घेतलं म्हणून उपचाराचं ऑक्सिटोसिन यादीतून काढू नका.

मिसोप्रोस्टॉलच्या (रक्तस्राव टाळायला तोंडाने द्यायच्या) गोळ्यांना फ्रीज लागत नाही, पण दमटपणा सोसत नाही. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेलीच पट्टी घ्या. गोळ्या सुट्या करून कागदी पुडीत वाटणं म्हणजे औषध वाया घालवणं. आणि घरी देत असाल तर एकच सूचना शंभरदा सांगा: बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही हे बघून, मगच तीन गोळ्या (६०० मायक्रोग्रॅम). बाळ व्हायच्या आधी घेतल्या तर गर्भपिशवी फाटू शकते.

---

ताळेबंद

मी पैशाच्या वाटेबद्दल लिहितो.

रोख अनामत न भरता दवाखान्याशी लेखी हमीकरार करा. 'आमच्या यादीतली बाई आली की अनामत न मागता दाखल करायचं, बिल ठरल्या दराने इतक्या दिवसांत आम्ही देऊ.' करारासोबत एक महिन्याच्या अंदाजाएवढी रक्कम आगाऊ जमा ठेवली तर दवाखान्यालाही भरवसा वाटतो. बाईकडे यादीतल्या क्रमांकाचं कार्ड, दवाखान्याच्या दाखला-खिडकीवर तीच यादी छापून लावलेली. रात्रपाळीच्या माणसाला करार माहीत नसणं, इथेच ही व्यवस्था सगळ्यात जास्त वेळा मोडते. व्यवस्थापकाची सही झाली आणि खिडकीवर कागद गेलाच नाही, मग रात्री दोन वाजता बाई दारात उभी. महिन्यातून एकदा रात्री खिडकीवर फोन करून 'अमुक क्रमांकाचं कार्ड आलं तर काय कराल?' एवढंच विचारा.

दर ठरवताना वेगवेगळे आकडे धरू नका. साध्या प्रसूतीला कमी आणि सिझेरियनला मोठी रक्कम असं ठेवलं की तुमचाच निधी सिझेरियन वाढवतो. प्रत्येक बाईमागे एकच मिश्र दर ठरवा: अपेक्षित साध्या प्रसूती, सिझेरियन आणि गुंतागुंती यांची सरासरी काढून. मग दवाखान्याला विनाकारण पोट उघडण्यात फायदा उरत नाही. उलट बाजूचा धोकाही आहे, गरजेचं सिझेरियन टाळणं किंवा अवघड बाई दुसरीकडे पाठवून देणं. म्हणून करारात लिहा की पुढे पाठवलेल्या बाईचा पुढचा खर्च निधी वेगळा देईल, आणि पाठवण्याची वेळ व कारण नोंदवलेलं हवं.

या मिश्र दरात रक्त, बाळाचा अतिदक्षता विभाग आणि पुन्हा शस्त्रक्रिया या तीन गोष्टी घालू नका. त्या क्वचित येतात पण एकेक निधी रिकामा करतो. त्यांच्यासाठी वेगळा राखीव कप्पा आणि कमाल मर्यादा, दोन्ही आधी जाहीर.

खात्यावर दोघांच्या सह्या लागणं चांगलंच, पण रात्री दोघेही जागे नसतात. एका मर्यादेपर्यंत, समजा वाहन आणि रक्ताच्या एका पिशवीइतकी रक्कम, कर्तव्यावरच्या एकाच माणसाला फोनवरून मंजूर करता यावी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुसऱ्याने पावती बघून सही करावी. त्याच्या वर मात्र दोन सह्याच.

आवाहनात लिहा: संकेतस्थळाचं शुल्क किती टक्के, पैसे वळते करण्याचं शुल्क किती, बाकी हातात किती येतं. आणि ठळक अक्षरांत हे वाक्य: 'शिल्लक रक्कम याच निधीतून इतर मातांच्या बाळंतपणासाठी वापरली जाईल.' हे वाक्य नसेल तर एका बाईच्या नावाने जमलेले जादा पैसे दुसरीला देणं म्हणजे दात्याची फसवणूक ठरते, हेतू कितीही चांगला असो.

---

कस्तुरी

एकत्र निधीचं पटतंय, पण खरं सांगायचं तर लोक चेहऱ्याला देतात. 'हमीकरार निधी' असं आवाहन कोण उघडून बघेल? एका मातेची गोष्ट सांगितली की दोन दिवसांत पैसे जमतात. ते सोडून द्यायचं?

---

निधिपाल

सोडू नका, जिथे वेळ आहे तिथे वापरा. प्रसूतीत दीर्घकाळ अडकल्याने झालेला फिस्टुला हे त्याचं सगळ्यात योग्य ठिकाण. मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडतं, लघवी सतत झिरपत राहते, बाई घरातून आणि कामातून बाहेर फेकली जाते. दुरुस्तीची शस्त्रक्रिया ठरवून होते, तारीख ठरते, खर्च आधी कळतो. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २००३ पासून फिस्टुला संपवण्याची जागतिक मोहीम चालवली आहे आणि २३ मे हा त्यासाठीचा दिवस पाळला जातो, तेव्हा आवाहनाला निमित्तही मिळतं. आधीची दोन-तीन सिझेरियन असलेल्या किंवा वार (प्लासेंटा) खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी असलेल्या बाईचं ठरवून होणारं सिझेरियन हेही वैयक्तिक आवाहनात बसतं. २०१२ मध्ये सुरू झालेलं 'वॉत्सी' हे संकेतस्थळ एकेका रुग्णासाठी लोकांकडून छोट्या रकमा घेतं, तेही ज्यांना वाट पाहता येते अशा उपचारांना चांगलं लागू पडतं.

एकत्र निधीलाही तोंड देता येतं, पण ते वस्तूंचं द्या. 'एका रात्रीचं वाहन', 'एका बाईच्या झटक्यांचं पूर्ण औषध: ४४ ग्रॅम', 'रक्तमापक पिशव्या ५०'. दात्याला आपण काय घेतलं हे दिसतं आणि कुणाचं दुःख मांडावं लागत नाही.

---

गोपनीयता_प्रथम

चेहऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. कळा देत असलेल्या बाईकडून घेतलेली संमती ही संमती नव्हे. ज्या संस्थेवर तिचे उपचार अवलंबून आहेत तिने विचारलं तर ती 'नाही' कसं म्हणेल? संमती गरोदरपणात, शांतपणे, तिच्या भाषेत वाचून दाखवून घ्या. त्यात स्वतंत्र खुणा हव्यात: फोटो चालेल का, नाव चालेल का, बाळ चालेल का, किती काळ. आणि ती न देणाऱ्या बाईलाही तीच मदत मिळेल हे तिला आधी सांगितलेलं हवं. नवऱ्याने किंवा सासूने केलेली सही तिच्या सहीच्या जागी चालत नाही.

वय, मुक्कामाचं ठिकाण, दवाखान्याचं नाव आणि प्रसूतीची तारीख एकत्र छापली की नाव न देताही बाई ओळखू येते. यातल्या दोनपेक्षा जास्त गोष्टी एका मजकुरात नकोत. एचआयव्ही, बलात्कारातून राहिलेली गर्भधारणा, अल्पवयीन माता, मृत जन्मलेलं बाळ: अशा बाबतीत वैयक्तिक आवाहन अजिबात नको, पैसे थेट एकत्र निधीतून. एकदा इंटरनेटवर गेलेला फोटो ते मूल शाळेत जायला लागेल तेव्हाही तिथेच असेल.

---

रक्तगट

रक्ताबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय. दात्याने रक्त फुकट दिलं तरी तपासणी, पिशवी, घटक वेगळे करणं आणि जुळणी यांना पैसे लागतातच. आवाहनात 'रक्तदाते हवेत' लिहून थांबू नका. प्रत्येक बाईचा रक्तगट आणि हिमोग्लोबिन गरोदरपणातच तपासून कार्डावर लिहा. गट आधी माहीत असला तर तयारी होते. तरी रक्त देण्याआधी दवाखान्यात जुळणी पुन्हा करावीच लागते, कार्डावर विसंबून रक्त देत नाहीत.

ऋण (आरएच निगेटिव्ह) गटाच्या मातेला धन (आरएच पॉझिटिव्ह) गटाचं बाळ झालं तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन, नेहमीची मात्रा ३०० मायक्रोग्रॅम. या मातेला आत्ता काहीच होत नाही, म्हणून हा खर्च सगळे टाळतात. फटका पुढच्या बाळाला बसतो. निधीत ऋण गटाच्या प्रत्येक बाईमागे एक मात्रा राखून ठेवा, बाळाचा गट धन निघाला नाही तर ती पुढे सरकते.

आणि रक्त कमी लागावं यासाठी आधीच खर्च करा. रोजची लोहाची गोळी (३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल) हा या सगळ्या यादीतला जवळपास सर्वांत स्वस्त खर्च आहे. आधीच रक्त कमी असलेली बाई ७०० मिलिलिटर गेल्यावर कोसळते, दुसरी तेवढ्यात सावरते.

---

नवजात

बाळाला विसरू नका. श्वास न घेणाऱ्या बाळासाठी पहिल्या मिनिटाच्या आत हवा द्यायला सुरुवात व्हावी लागते, तेव्हा सामान दुसऱ्या खोलीत असून चालत नाही. एका प्रसूतीच्या खाटेमागे: आपोआप फुगणारी हवेची पिशवी एक, मुखवटे दोन मापांचे (० आणि १), तोंड साफ करायचा रबरी फुगा. प्राणवायू नसला तरी साध्या हवेने बहुतेक बाळं सावरतात. मुखवटा नीट न बसल्याने हवा बाजूने निसटते, ही नेहमीची चूक, आणि ती सरावानेच जाते. पुतळ्यावर दर महिन्याला सराव ठेवायला निधी द्या.

वर्गणीतून मोठं यंत्र घेण्याचा मोह होतो, विशेषतः बाळ गरम ठेवायचं. वीज सलग नसेल, दुरुस्तीचा माणूस नसेल, सुटे भाग मिळत नसतील तर ते कोपऱ्यात उभं राहतं. लहान वजनाच्या बाळासाठी आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं प्रभावी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना आता ते जन्मानंतर लगेच सुरू करायला सांगते. त्यासाठी हवं ते बाळ बांधायचं कापड, टेकून बसता येईल अशी खाट, आणि आईला तिथे थांबता यावं म्हणून तिचा जेवणा-राहण्याचा खर्च. यंत्र घ्यायचंच तर किमतीसोबत दोन वर्षांची देखभाल आणि सुटे भाग त्याच आवाहनात धरा.

---

कस्तुरी

थेट बाईच्या हातात रोख दिली तर? तिला काय हवं ते तीच जाणते.

---

ताळेबंद

काही भाग रोखच द्यावा. वाहन, सोबत येणाऱ्याचं जेवण, बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या मुलांची सोय, यांच्या पावत्या मिळत नाहीत आणि मागूही नयेत. ही रक्कम दोन टप्प्यांत द्या: आठव्या महिन्यात एक, बाळंतपणानंतरच्या पहिल्या भेटीला दुसरी. शक्यतो तिच्या स्वतःच्या खात्यात किंवा फोनवर. दवाखान्याचं बिल मात्र थेट दवाखान्याला. रोख देऊन बिल तिच्यावर सोपवलं तर कळा सुरू असताना घासाघीस तिला करावी लागते.

बिल भरलं नाही म्हणून बाळंतीण आणि बाळ अडवून ठेवण्याचे प्रकार अनेक देशांत घडलेले आहेत. हमीकरारात 'पैशाच्या कारणावरून कुणालाही थांबवून ठेवणार नाही' हे कलम घाला, मग वाद आमचा आणि दवाखान्याचा राहतो, तिचा नाही.

---

प्रसविका

आणि निधी घरी सोडल्याबरोबर बंद करू नका. साधी प्रसूती झाली तरी बाईने किमान २४ तास दवाखान्यात थांबावं, आणि त्यानंतर तीन भेटी: ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत, सहाव्या आठवड्यात. खाटेचा दिवसाचा आकार वाढतो म्हणून सहा तासांत घरी जाणाऱ्या बायका असतात. त्या पहिल्या रात्रीचा खर्च निधीने आधी उचलावा. झटके प्रसूतीनंतरही येतात, जंतुसंसर्ग तर बहुधा घरी गेल्यावरच दिसतो. भेटीला जाणाऱ्याजवळ गरोदरपणासाठी प्रमाणित केलेलं रक्तदाबाचं यंत्र आणि तापमापी हवं, 'कशी आहेस' विचारून ते कळत नाही. रक्तदाबाचा पट्टा दंडाच्या घेराला बसणारा घ्या. अरुंद पट्टा रक्तदाब खोटा जास्त दाखवतो, रुंद पट्टा खोटा कमी.

---

गोपनीयता_प्रथम

दात्यांना काय कळवायचं हेही ठरवा. 'तुमच्या इतक्या रकमेने एक जीव वाचला' असं लिहू नका, कुणाचा जीव कशामुळे वाचला हे एका बाईच्या पातळीवर सांगताच येत नाही.

---

निधिपाल

सहमत. त्याऐवजी मोजता येतं ते द्या: यादीतल्या किती जणी कुशल हातांखाली बाळंत झाल्या, किती प्रसूतींत रक्त प्रत्यक्ष मोजलं, फोन केल्यापासून वाहन यायला किती मिनिटं लागली (सगळ्या वेळांतला मधला आकडा), सिझेरियनचा निर्णय झाल्यापासून बाळ बाहेर यायला किती, किती जणींना अनामत मागितली गेली (हा आकडा शून्य हवा), किती जणींची तिसरी भेट झाली. सिझेरियनचा नुसता टक्का देऊ नका, रॉब्सनच्या दहा गटांत (आधीची बाळंतपणं, बाळाची स्थिती, गरोदरपणाचे आठवडे अशा गोष्टींवरून केलेली बायकांची विभागणी) विभागून बघा, म्हणजे पहिलटकरीण, सरळ डोक्याकडून येणारं बाळ अशा गटात प्रमाण वाढतंय का ते दिसतं. मातेचा किंवा बाळाचा मृत्यू झाला तर तोही कळवा, नाव न देता, आणि कुठे किती वेळ गेला ते लिहून.

---

कस्तुरी

एक शेवटचं. अगदी २० जणींचा गट आहे, पैसे थोडे आहेत. पहिल्या महिन्यात काय करायचं?

---

प्रसविका

२० जणींचे रक्तगट, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून कार्डं. प्रत्येकीकडे दोन वाहनचालकांचे क्रमांक, आणि दोघांना आगाऊ इंधनाचे पैसे. एक चालक म्हणजे शून्य चालक, तो आजारी असतो किंवा गाडी बाहेर असते. जवळच्या ज्या दवाखान्यात रात्री सिझेरियन आणि रक्त दोन्ही होतं तो शोधा. दिवसा होणारा नको, भूलतज्ज्ञ रात्री कुठे असतो ते विचारा. त्याच्याशी करार. मग औषधांचा एक डबा आणि २० पिशव्या. उरलेलं सगळं राखीव.

---

ताळेबंद

आणि शेजारच्या तीन गटांना पत्र, राखीव रक्कम एकत्र ठेवण्यासाठी. मसुदा उद्या याच धाग्यावर टाकतो: कोणत्या गटाने किती भरायचे, एका घटनेला कमाल किती काढता येईल, काढलेली रक्कम किती दिवसांत परत भरायची, आणि एखादा गट बंद पडला तर त्याच्या वाट्याचं काय, एवढी चार कलमं पुरतील.